भिलाईत पहिलं पुस्तक कोणतं द्यावं?

महाराष्ट्रात हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही, कारण बालभारतीने तो परस्पर सोडवलेला असतो. 1967 साली ही संस्था निघाली आणि तेव्हापासून दहावी होईपर्यंत पोराला पु. ल., माडगूळकर, बहिणाबाई, कुसुमाग्रज सगळे भेटून जातात. परीक्षेसाठी का होईना, पाच-पाच मार्कांपुरते भेटतात. पुढे दुकानात नाव दिसलं की ते ओळखीचं वाटतं. छत्तीसगडमधल्या भिलाईतल्या मराठी मुलाला ही सोय नाही. त्याच्या पुस्तकात प्रेमचंद असतात, महादेवी वर्मा असतात. मराठी लेखक त्याला भेटायचा तर घरातच, म्हणजे कुणीतरी कपाटातून एक पुस्तक काढून त्याच्या हातात द्यायचं. ते कोणतं, यावर इथे घरोघरी ठाम मतं आहेत आणि त्यातली बरीचशी पुण्या-मुंबईहून उसनी आणलेली आहेत.

वाचक कोण आहे ते आधी पाहू. 1955 साली भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा या बाजूची माणसं या कारखान्यात, म्हणजे बीएसपीत, नोकरीला आली. रायपूर-दुर्गची जुनी मराठी घरं तर त्याआधीपासूनची. आता टाउनशिपमध्ये तिसरी पिढी आहे. आजीशी मराठी बोलते, भावंडांत हिंदी, शाळेत इंग्रजी. अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांना लिपीच येत नाही. इथे ती अडचण नाही. हिंदीमुळे देवनागरी झरझर वाचता येते. अडतं ते तिसऱ्या-चौथ्या पानावर, लेखक जे गृहीत धरतो तिथे.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पहिलं पुस्तक लेखकाचं सर्वोत्तम असण्याची गरज नाही. त्यात त्याचा आवाज पुरा हवा, आणि वाचकाला आधीपासून ठाऊक असाव्या लागणाऱ्या गोष्टी कमी हव्यात. यातली दुसरी अट गावागणिक बदलते. पुण्यात जे सोपं ते भिलाईत अवघड, आणि कधी कधी नेमकं उलटं.

निवडीच्या रूढ पद्धती तीन-चार आहेत. पहिली, सरळ सर्वोत्तम पुस्तक द्यायचं. यात देणाऱ्याचा लेखकावरचा अभिमान दिसतो, वाचकाचा विचार दिसत नाही. दुसरी, प्रकाशनाच्या क्रमाने जायचं; ही अभ्यासकांची पद्धत, ती त्यांच्यापाशीच राहू द्यावी. तिसरी, आपण ज्या वयात जे वाचलं तेच त्या वयात द्यायचं. यामुळे 'श्यामची आई' आजही मुंजीत आणि वाढदिवसाला दिली जाते. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक थोर आहे यात शंका नाही. पण एसी डब्यातून आजोळी जाणाऱ्या मुलाला ते कुणी संस्काराचं औषध म्हणून दिलं, तर ते त्याला लगेच कळतं आणि पुस्तक कपाटात जातं. ते रोज रात्री एक प्रकरण असं मोठ्याने वाचून दाखवावं. मूळची मांडणीही तशीच आहे: आश्रमातली संध्याकाळ, गोल करून बसलेले सोबती आणि सांगणारा एक. चौथी पद्धत सर्वात खपाऊ पुस्तकाची. लग्नात 'वपुर्झा' देतात ती ही. त्याबद्दल वाईट बोलत नाही. निदान ते कुठूनही उघडता येतं.

पु. लं.पासून सुरुवात करू, कारण भिलाईत सगळे तिथूनच करतात. बहुतेक घरांत आधी 'बटाट्याची चाळ' काढली जाते. 1958 चं हे पुस्तक गिरगावच्या चाळीचं आहे. टाउनशिपमधल्या पोरीच्या क्वार्टरला पुढे-मागे अंगण आहे, पेरूचं झाड आहे, पाण्याचा नळ आपला एकटीचा आहे. एक गॅलरी वीस बिऱ्हाडांना कशी पुरते, नळावर भांडण का होतं, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू कसं येतं, हे तिला समजावून सांगावं लागतं. आणि विनोद समजावून सांगितला की तो मेलाच. मात्र त्याच पुस्तकातलं 'उपास' हे प्रकरण घ्या. वजन कमी करायला निघालेला माणूस आणि त्याला सल्ले देणारी मंडळी, हे सेक्टर 10 मध्येही रोज सकाळी फिरायच्या वेळी चालतं. त्याला चाळ लागत नाही.

'व्यक्ती आणि वल्ली'चंही तसंच. लोक हौसेने 'अंतू बर्वा' उघडून देतात. माझ्या मते मराठीतल्या सर्वोत्तम व्यक्तिचित्रांत ते येतं. पण रत्नागिरीच्या त्या आळीतला तिरकसपणा, त्यामागचं दारिद्र्य आणि एकटेपण हे ज्याने कोकण पाहिलं नाही त्याला पहिल्या भेटीत हाती लागत नाही. म्हातारा फक्त खवचट वाटतो. 'सखाराम गटणे' तर पुस्तकी मराठीचीच थट्टा आहे. ज्याने ती मराठी वाचलीच नाही, त्याने कशाला हसावं? इथे सुरुवात 'नारायण'पासून करावी. लग्नघरात बस्त्यापासून वरातीपर्यंत धावणारा, सगळ्यांना हवा असलेला आणि मांडव उतरला की कुणाला न आठवणारा तो माणूस प्रत्येक सेक्टरमध्ये आहे. भिलाईत तो बहुधा बीएसपीतून निवृत्त झालेला असतो आणि टेंटवाल्याचा नंबर त्याला पाठ असतो.

खरं तर पु. लं.च्या बाबतीत पहिलं पुस्तक हे पुस्तक असावंच असं नाही. 'म्हैस' ऐकवावी. एसटी, रस्त्यात आडवी आलेली म्हैस आणि गाडीतून उतरून आपापलं शहाणपण पाजळणारे उतारू. राजनांदगावच्या रस्त्यावर हे कुठल्याही दिवशी घडेल. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावरचं त्यांचं कथनही इथे जोरात चालतं, कारण तिघांपैकी नागपूरकर हा तर सख्खा मामाच असतो. आवाज एकदा कानात बसला की पानावरचं वाक्य आपोआप त्या लयीत वाचलं जातं, आणि मग चाळही चढता येते.

व्यंकटेश माडगूळकरांकडे आलं की पुणेरी सल्ला आणि भिलाईची गरज यांतलं अंतर सर्वात स्पष्ट दिसतं. सल्ला असतो 'माणदेशी माणसे', नाहीतर 'बनगरवाडी'. पहिलं 1949 चं, दुसरं 1955 चं, आणि दोन्हींत माणदेश आहे: तिथली बोली, तिथला दुष्काळ, मेंढरं. 'बनगरवाडी'ला एक मोठी सवलत आहे. तिचा नायक स्वतःच उपरा आहे. तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर जातो, त्याला कुणी ओळखत नाही, शाळेत पोरं नाहीत. वाचक त्याच्यासोबत वस्तीत शिरतो आणि मास्तरला जसजशी माणसं कळतात तसतशी वाचकालाही कळतात. कादंबरी छोटी आहे. संवाद मात्र बोलीत आहेत, आणि ती बोली विदर्भातून आलेल्या आजीलाही परकी आहे.

भिलाईसाठी मी 'नागझिरा' सुचवते. दुर्गहून नागपूरकडे जाताना डोंगरगड मागे पडलं की पुढे गोंदिया येतं. त्याच परिसरातलं हे रान. माडगूळकर तिथे जाऊन राहिले, पायी हिंडले आणि जे दिसलं ते लिहिलं. मोहाचं झाड, तेंदू, साजा, अस्वलं, तळ्यावर पाणी प्यायला येणारी जनावरं: छत्तीसगडच्या पोराला यातलं काहीही नवीन नाही. पुण्यातल्या वाचकाला हे पुस्तक दूरचं, आपल्याला घराच्या उंबऱ्यावरचं. माडगूळकरांची नजर, त्यांची तोकडी, नेमकी वाक्यं, कुठेही भावनेला पूर न आणता सांगणं, हे सगळं त्यात आहे. त्यानंतर 1982 चं 'सत्तांतर' द्यावं. वानरांच्या टोळ्यांतली सत्तेची मारामारी आहे. त्यात ना जात, ना तालुका, ना बोली. आणि मग, वाचक आपला झाला की, 'बनगरवाडी'. समीक्षकांच्या क्रमाच्या हे बरोबर उलटं आहे. नागझिऱ्यावरून पुढे मारुती चितमपल्लींकडेही वाट जाते. वनखात्यातल्या नोकरीत याच पट्ट्यात, नवेगाव-नागझिऱ्यात त्यांची बरीच वर्षं गेली. त्यांच्याकडे 'रानवाटा'ने जावं, 'चकवाचांदण' हे जाडजूड आत्मचरित्र नंतर.

बोली आडवी येते असं मी म्हटलं खरं, पण एका बाबतीत ती इथे मदतीला येते. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 ची. कौतिक नावाच्या बाईच्या संसाराची ही गोष्ट, आणि तिची माणसं वऱ्हाडी बोलतात. पुण्यातले चांगले वाचकसुद्धा पहिली वीस पानं अडखळतात. अमरावतीकडून आलेल्या भिलाईच्या घरात मात्र नातीने ते संवाद वाचायला घेतले की आतल्या खोलीतून आजी पुढचा शब्द पुरवते. गोष्ट सुखाची नाही, कौतिकचं कष्टाचं आयुष्य शेवटपर्यंत कुठे सैल होत नाही. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीला नको. पण विशीतल्या वाचकाला शेळक्यांचं दुसरं काही देण्याचं कारण नाही. सर्वोत्तम तेच पहिलं, असं इथे जुळून येतं.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चा अनुभव तर वेगळाच. नाटक वाचायला द्यायचं म्हटलं की लोक नाक मुरडतात. आम्ही काही जणांनी एका रविवारी एका क्वार्टरच्या हॉलमध्ये ते वाटून घेऊन वाचलं. विदर्भातल्या धरणगावचा देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेले, मुंबईहून मुलगा-सून तेराव्यासाठी आलेले, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. वहिनीचं वाचन एका बँकेतल्या बाईंनी केलं, चंदूचं एका इंजिनिअरिंगच्या मुलाने. दागिन्यांचा विषय निघतो तिथे वाचन थांबलं, कारण दोघीतिघींना आपापल्या घरची वाटणी आठवली आणि चहा होईपर्यंत तेच चाललं. नागपूर-वर्ध्याकडे ज्यांचं शेत आहे, चुलत्यांशी ज्यांचं त्यावरून वाजलेलं आहे, त्यांना हे नाटक कुणी समजावून द्यावं लागत नाही. भिलाईतलं प्रत्येक मराठी घर म्हणजे एका अर्थी वाडा सोडून गेलेला सुधीरच. एलकुंचवारांचं पहिलं पुस्तक हेच, आणि ते एकट्याने मनात वाचायचं नव्हे. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ओळीने पुढे येतात.

शाळकरी वाचकासाठी दोन नावं नेहमी येतात. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'शाळा' 2004 ची, आणीबाणीच्या वर्षातली नववी. आणीबाणी माहीत नसली तरी बिघडत नाही, नववी माहीत असली म्हणजे झालं. ती देऊन सहसा फसत नाही. पण माझा कौल लंपनला आहे. 1994 चं 'वनवास' घ्या. आईवडील एका गावी, मुलगा आजी-आजोबांकडे दुसऱ्या. सगळीकडे कानडी आणि मराठी यांची सरमिसळ. दोन भाषांच्या सीमेवर वाढणारं पोर स्वतःशी कसं बोलतं, हे मराठीत इतकं खरं दुसरीकडे मला दिसलेलं नाही. हिंदीचे तुकडे टाकत मराठी बोलणाऱ्या भिलाईच्या मुलाला आपल्या बोलण्याबद्दल नागपूरच्या भावंडांकडून टोमणे खावे लागतात. लंपन वाचल्यावर त्याला कळतं की मिसळीची मराठीही पुस्तकात बसते, आणि ऐटीत बसते. क्रम मोडू नये, 'वनवास'पासूनच सुरू करावं.

जी. ए. कुलकर्णी हा सगळ्यात वादाचा विषय. चाहते 'काजळमाया' पुढे करतात, एखादा धाडसी थेट 'रमलखुणा' देतो. 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा पहिल्याच भेटीत अंगावर घेणारा वाचक असतोही. मी तरी तो भिलाईत पाहिला नाही. मवाळ मंडळी 'बखर बिम्मची' सुचवतात. लहान मुलाचं जग, छोटी वाक्यं, गोड पुस्तक. पण माझ्या पहिल्या अटीत ते बसत नाही. जी. एं.चा आवाज त्यात अर्धाच आहे. नियती नाही, काळोख नाही. बिम्म वाचून 'पिंगळावेळ'कडे गेलेला वाचक फसवल्यासारखा मागे फिरतो. म्हणून जी. एं.चं पुस्तक देऊच नये, एक कथा द्यावी: 'पिंगळावेळ'मधली 'कैरी'. नजर मुलाचीच आहे, पण मोठ्यांच्या जगातली क्रूरता पुरी उतरली आहे. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही केला. ती आवडली तर 'विदूषक' आणि 'स्वामी', नाही आवडली तर जी. ए. पाच वर्षं राहू द्यावेत. धारवाडला बसून, पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून लांब राहून लिहिणाऱ्या या माणसाला घाई कधीच नव्हती.

भिलाईचं रशियाशी नातं आहे, आणि त्याचा उपयोग पुस्तकं निवडताना कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं. जुन्या क्वार्टरांत अजून सोव्हिएत पुस्तकं सापडतात: गुळगुळीत कागद, घट्ट बांधणी, किंमत नावाला. हिंदीत तर ती ढिगाने होती, मराठीत अनिल हवालदारांनी मॉस्कोत राहून अनुवाद केलेली. त्या काळी इथे गॉर्की म्हटलं की 'आई', दुसरं काही नाही. खरं म्हणजे त्याच्या बालपणाची आठवण सांगणारं पुस्तक आधी यायला हवं होतं. टॉलस्टॉयचंही तेच, 'युद्ध आणि शांती' शोभेला राहिलं, आणि इव्हान इलिचच्या मरणाची शंभरेक पानांची कथा कुणी दिलीच नाही. बंगाली शेजारी या बाबतीत शहाणे. रवींद्रनाथांसाठी ते 'गोरा'कडे बोट दाखवत नाहीत, 'काबुलीवाला' सांगून मोकळे होतात.

पण मला बोलायचंय ते अण्णाभाऊ साठ्यांबद्दल. अण्णाभाऊ म्हटलं की 'फकिरा', हे समीकरण पक्कं आहे, आणि ती त्यांची मोठी कादंबरी आहेच. तरी भिलाईत पहिलं पुस्तक 'माझा रशियाचा प्रवास' असावं. 1961 साली ते सोव्हिएत संघात जाऊन आले. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, मुंबईत गिरणीत राबलेला, स्टालिनग्राडवर पोवाडा रचलेला शाहीर तो देश डोळ्यांनी पाहतो आणि वाटेगावच्या सरळ मराठीत सांगतो. त्याच सुमारास भिलाईचे इंजिनिअर प्रशिक्षणासाठी तिकडे जात होते आणि तिकडचे तज्ज्ञ इथल्या सेक्टरांत कुटुंबासह राहत होते. ज्या घरात आजोबांची रशियन टोपी आणि सामोवार आहे तिथे या पुस्तकाला प्रस्तावना लागत नाही. पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत होतं. त्याला जोड म्हणून नारायण सुर्वे: 'माझे विद्यापीठ'. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस बेतणाऱ्या गावाला सुर्व्यांची ओळख उशिरा व्हावी हे बरं नाही.

आता हिंदीभाषक शेजारी. त्यांच्यासाठी प्रश्न बहुतेक सुटलेला आहे: 'मृत्युंजय', ओम शिवराज यांच्या हिंदी अनुवादात. कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण असे एकेक जण आपापली बाजू सांगतात आणि कथा सगळ्यांना ठाऊक असते. 2025 मध्ये 'छावा' चित्रपट आला तेव्हा अनेकांनी ती कादंबरी मागितली. मी तरीही शिवाजी सावंतांसाठी 'मृत्युंजय'च पुढे करीन. 'छावा'ला मराठी इतिहासाची नावं, नाती, गड माहीत असावे लागतात. 'ययाति' हिंदीत मिळते आणि खांडेकरांसाठी ती चालते.

महाभारताच्या बाबतीत भिलाईकर मुळातच श्रीमंत आहे. तीजनबाई इथल्याच गनियारीच्या, बीएसपीत नोकरी केलेल्या. हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा करणारी पंडवानी इथल्या लोकांनी समोर बसून ऐकली आहे. ज्याच्या कानात ते महाभारत आहे त्याला इरावती कर्व्यांचं 'युगांत' द्यावं. 1967 चं हे पुस्तक गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना माणसं म्हणून समोर उभं करतं आणि कुणालाही सवलत देत नाही. 'मृत्युंजय'मध्ये कर्णावर जीव टाकलेल्या वाचकाला बाईंचा कर्ण पाहून राग येतो. येऊ द्यावा, भांडण लागलं म्हणजे वाचन सुरू झालं.

देवाणघेवाण उलट दिशेनेही हवी. राजनांदगाव तासाभरावर आहे. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तिथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपुरात राहून मराठीचे कवी-कादंबरीकार झाले. मराठी घरांत मुक्तिबोधांबद्दल अभिमान पुष्कळ, वाचन थोडं, कारण पहिल्यांदाच 'अंधेरे में' हातात पडतं. त्याऐवजी 'एक साहित्यिक की डायरी' घ्यावी. त्यात माणूस बोलत असतो, वाद घालत असतो. विनोद कुमार शुक्ल तर रायपूरचेच. ज्ञानपीठ जाहीर झाल्यावर सगळ्यांनी 'नौकर की कमीज' शोधलं. मी 'दीवार में एक खिड़की रहती थी' आधी देईन. छोट्या गावातला गणिताचा प्राध्यापक, त्याची नवी नवरी आणि त्यांची ती खिडकी; शुक्लांचं सगळं काही त्यात आहे आणि त्यातलं गाव आपण रोज पाहतो.

देण्याच्या रीतीबद्दल एवढंच, की पहिलं पुस्तक भेट देऊ नये, उसनं द्यावं. भेट मिळालेलं पुस्तक वाचायची घाई नसते. परत करायचं असलं की निदान उघडलं तरी जातं. 'वाचलंस का' असं विचारत मागे लागू नये. नागपूरहून कुणी येणार असलं की एकाच लेखकाची दोन मागवावीत, म्हणजे पहिलं लागू पडलं तर दुसऱ्यासाठी पुढच्या फेरीची वाट पाहायला नको.

राहिले भालचंद्र नेमाडे. त्यांच्या बाबतीत पुस्तकाचा वादच नाही, 'कोसला' सोडून पहिलं दुसरं काही असूच शकत नाही. 2010 ची 'हिंदू' पहिल्यांदा देणाऱ्याचा हेतूच तपासावा लागेल. प्रश्न वयाचा आहे. सोळाव्या वर्षी पांडुरंग सांगवीकर नुसता आळशी वाटतो, चाळिशीत तो चिडचिडा वाटतो. तो खान्देशातल्या घरून पुण्याला शिकायला जातो आणि तिथे वसतिगृहात त्याचं जे काय होतं ते होतं. भिलाईतलं पोरगं बारावी होऊन पुण्याच्या कॉलेजात निघालं की 'कोसला' त्याच्या बॅगेत टाकावी, आणि आईवडिलांनी ती आधी वाचू नये.